पाण्याला आधी वाट

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, पांझरा नदीच्या पाटावर पाटकरी होते. साक्री तालुक्यातल्या आमच्या भागात नदीवर बंधारे, बंधाऱ्यातून निघालेले पाट आणि पाटाखाली फड, अशी पाण्याची फार जुनी व्यवस्था आहे. तीनशे वर्षांहून जुनी म्हणतात. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाणी कुणाकडे कधी वळेल ते पाटकऱ्याने बघायचं. आबांकडे फावडं असायचं, खांद्यावर धोतराचा जुना तुकडा, आणि रात्री कंदील.

मी नऊ वर्षांची असेन. दिवाळीची सुट्टी होती आणि गव्हाला पाणी चाललं होतं. आबा दुसऱ्या टोकाला होते. माझ्यासमोरचा वाफा काठोकाठ भरला, पाणी वरून वाहू लागलं, आणि मी धावत जाऊन त्याचं तोंड माती टाकून बुजवलं. मला वाटलं, मोठं काम केलं. दांडातलं, म्हणजे वाफ्यांपर्यंत पाणी नेणाऱ्या चारीतलं, पाणी क्षणभर थांबल्यासारखं झालं, मग फुगलं, आणि मागे तीन वाफे सोडून बांध फोडून शेजारच्या हरभऱ्यात शिरलं. नुकत्या उगवलेल्या हरभऱ्यात.

आबा आले. रागावले नाहीत. त्यांनी फावडं घेतलं आणि आधी पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी तिकडे वळलं. तोंड फोडताना निघालेलं ओलं ढेकूळ फावड्यावर तसंच होतं, ते त्यांनी भरलेल्या वाफ्याच्या तोंडाशी ठेवलं आणि टाचेनं दोनदा दाबलं. एका वाफ्याची माती दुसऱ्याच्या तोंडाला. "पाणीले पहिले वाट दे पोरी, मंग ते आयकस," एवढंच म्हणाले.

हे मला पुढची सदतीस वर्षं आठवलं नाही.

डिसेंबर २०२३ मधली रात्र. धुळ्याची थंडी, पहाटेचे तीन. मी दचकून उठले ते छातीत धडधडत, हात गार पडलेले, तोंड कोरडं. ह्यांना उठवलं. दोन स्वेटर घालून स्कूटरवर दवाखान्यात गेलो. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, माझ्या पहिल्या बॅचच्या मुलांच्या वयाचे. त्यांनी झोपेबद्दल विचारलं, चहा किती घेता विचारलं, आणि मग विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट काय करता, मॅडम?"

मी म्हटलं, चहा ठेवते.

हे शेजारी उभे होते. म्हणाले, "नाही. आधी फोन बघते. पाय खाली टेकायच्या आधी."

खरं होतं ते. त्या महिन्यात फोनमध्ये काय काय असायचं ते सांगते. शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला आलेला 'माहिती आजच भरावी' असा निरोप. पुण्यात परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचा 'झोप येत नाही' एवढाच मेसेज, रात्री दोनचा. आणि गावाकडून धाकट्या भावाने पाठवलेले कांद्याचे भाव. ८ डिसेंबरला निर्यातबंदी लागू झाली आणि त्याचा लाल कांदा नेमका तेव्हाच पिंपळनेरच्या मार्केटात जायला तयार होता. रोज सकाळी मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आकडा बघायची. मला एक क्विंटल विकायचा नव्हता, विकत घ्यायचा नव्हता. तरी बघायची.

नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वाचायची सवय आहे. आपल्या मेंदूत कानाच्या पातळीला, आत खोल, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अ‍ॅमिग्डाला. धोका ओळखणं हे त्याचं एक काम. धोका दिसला की तो शरीराला खबर देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन आणि मग कॉर्टिसोल सुटतं, छाती धडधडते, हातापायांच्या स्नायूंना रक्त जातं. लढा किंवा पळा, यासाठीची ही तयारी असते, हे अमेरिकेतल्या वॉल्टर कॅननने १९१५ मध्ये मांडलं. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की त्रास थंडीचा असो, जखमेचा असो की विषाचा, शरीराची प्रतिक्रिया पुष्कळशी एकसारखीच येते. म्हणजे शेतात साप दिसला काय आणि फोनवर निरोप दिसला काय, शरीर घंटा तीच वाजवतं. फरक इतकाच, साप निघून जातो. निरोप जात नाही, दुसरा येतो.

आणि एक गोष्ट मला अगदी नवीन होती. उठल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल आपोआपच वाढतं. ते वाईट नसतं, दिवसाला उभं राहण्यासाठी शरीराने केलेली ती सोय आहे. मी नेमकी त्याच वेळेला, आधीच चढत्या पाण्यात, जगभरची काळजी सोडत होते.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. झोप आणि फोन या दोन गोष्टी बघा म्हणाले, आणि महिन्याने परत यायला सांगितलं. घरी येऊन मी शिक्षिका जे करते तेच केलं, नियम केले. सकाळी फोन बघायचा नाही. रात्री बघायचा नाही. भावाचा विचार करायचा नाही. मुलाची काळजी करायची नाही. चार दिवस कसोशीने पाळलं. पाचव्या दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलाने वही आणली नाही म्हणून मी त्याला इतकं बोलले की त्याचे डोळे भरले आणि बाकीचा वर्ग खाली बघत बसला. शांत, गरीब मुलगा तो. त्या दिवशी डबा उघडला नाही मी.

स्टाफरूममध्ये बसले असताना मला तो हरभरा आठवला. मी तोंड बुजवत सुटले होते. पाण्याला वाटच दिली नव्हती.

कॅनडातल्या डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये असा विचार मांडला की दोन चेतापेशी पुन्हा पुन्हा एकत्र काम करू लागल्या की त्यांच्यातला सांधा पक्का होत जातो. वाहत्या पाण्याने दांड खोल होतो तसंच हे. मी वर्षानुवर्षं जाग आणि फोन, फोन आणि भीती असा दांड खोदत आले होते. तो नुसता 'नाही' म्हटल्याने बुजणार नव्हता. त्याच्या आधी, त्याच जागी, दुसरं तोंड फोडायला हवं होतं.

मग मी आग्रा रोडवर जाऊन गजराचं साधं घड्याळ आणलं आणि फोन रात्री स्वयंपाकघरात, ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवू लागले. पण फक्त तेवढं नाही. उठलं की शाल गुंडाळायची आणि थेट गच्चीवर जायचं, तुळशीला पाणी घालायचं, उजाडेपर्यंत थांबायचं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ जागेवर येतं आणि त्याचा उपयोग रात्रीच्या झोपेला होतो, हे शास्त्र मला ठाऊक होतं. पण पहिल्या आठवड्यात मला शास्त्र वगैरे काही जाणवलं नाही. हात शिवशिवायचे. फोन धरायच्या आकारात बोटं आपोआप वळायची. मी ती बोटं तांब्याभोवती धरायची. गार तांब्या, त्यात रात्रीचं पाणी, धुळ्याच्या जानेवारीत ते बर्फासारखं लागतं. तो गारवा हाताला लागला की मी कुठे आहे ते कळायचं.

दुसरं तोंड मी चहाच्या आधणाला फोडलं. नवी सवय लावायची तर ती आधीच पक्क्या असलेल्या कामाला बांधावी, हे मी शिकवताना मुलांनाही सांगते. चहा मी रोज ठेवतेच. आधणाला उकळी येईपर्यंत ओट्याशी उभं राहून सावकाश श्वास घ्यायचा, सोडताना जरा जास्त वेळ लावायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम. मिनिटाला सहा श्वास हा वेग हृदयाला आणि रक्तदाबाला विशेष मानवतो. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गोड अभ्यास आला होता. तेवीस जणांना एकदा लॅटिनमधली जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम्'. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला.

ते वाचलं आणि मला माय दिसली. माझी आई गावी राहते. संध्याकाळी दिवा लावून ती हरिपाठ म्हणते, एका श्वासात एक चरण, सावकाश, कुठेही घाई नाही. लहानपणी मला वाटायचं, ही किती हळू म्हणते. वडील गेले त्या वर्षी, सलग दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा, तिच्या घरात दुसरं काहीच जागेवर नव्हतं, पण संध्याकाळचा हरिपाठ जागेवर होता. मी तिला या अभ्यासाबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, "ते देवासाठी शे, श्वासासाठी नही." तिचं तिच्या जागी बरोबर आहे. जुन्या लोकांना सगळं विज्ञान आधीच माहीत होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण जी गोष्ट चाळीस वर्षं रोज त्याच वेळी केली गेली, तिने मायच्या मेंदूत काहीतरी खोल खणून ठेवलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

तिसरी गोष्ट वही. रोज रात्री एक ओळ, जास्त नाही. मनात जे खदखदतंय त्याला फक्त नाव द्यायचं. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं होतं की रागीट किंवा घाबरलेला चेहरा बघून त्या भावनेला शब्दांत नाव दिलं की अ‍ॅमिग्डालाची हालचाल कमी होते आणि कपाळामागचा, विचार करणारा भाग पुढे येतो. मी विशेष आशा न धरता सुरुवात केली. पहिल्या काही ओळी कोरड्याच आहेत. 'चिडचिड. तपासायचे पेपर.' 'भीती. मुलाचा फोन नाही.'

मग एका रात्री लिहिलं: 'भावाची काळजी.'

लिहिलं आणि पेन थांबलं. कुठल्या भावाची? कांद्याच्या, की माझ्या धाकट्या भावाची? दोन महिने मी एकच शब्द मनात घोळवत होते आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कांद्याचा भाव माझ्या हातात नव्हता, त्याच्याही नव्हता. तो दिल्लीत ठरत होता. पण भाऊ होता. साक्रीपलीकडे, तास-दीड तासाच्या अंतरावर, रात्रीची लाइन आली की थंडीत मोटर चालू करायला उठणारा. त्याला मी दोन महिन्यांत एकदाही 'तू कसा आहेस' असं विचारलं नव्हतं. फक्त भाव विचारला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठला त्याला फोन केला. तेव्हापासून रोज आठला करते. पाच मिनिटं. पहिले काही दिवस बोलायला काही सुचायचं नाही, दोघांनाही. भाव सोडून काय बोलायचं? मग हळूहळू पोरं, मायचे गुडघे, विहिरीचं पाणी, कुत्री व्याली, असं सुरू झालं. या सगळ्या सवयींत मला सगळ्यात जास्त आधार कशाचा झाला असं कुणी विचारलं तर मी गच्ची सांगणार नाही, श्वासही नाही. आठचा फोन सांगेन.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण त्याबद्दल मला फार वाटतं. आमच्या खान्देशात ताण म्हणजे फक्त मनाचा खेळ नाही. कापसाला बोंडअळी लागते, केळीच्या बागा मे-जूनच्या वादळात एका रात्रीत आडव्या होतात, माल तयार होतो त्याच आठवड्यात भाव पडतो. कर्जाचा हप्ता भरायचा राहिलेल्या माणसाला 'दीर्घ श्वास घ्या' असं सांगणं हा त्याचा अपमान आहे. श्वासाने हप्ता फिटत नाही. माझ्या भावाचं त्या हंगामात जे नुकसान झालं ते झालंच, आणि त्याचा हिशेब मागायची जागा वेगळी आहे. सवयींनी एवढंच होतं की वाईट बातमी आली तरी माणूस पुढच्या कामाचा विचार करू शकेल इतका जागेवर राहतो. आणि कधी कधी तेवढंही होत नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटू लागलं, तर ती सवयींनी निभावायची गोष्ट नाही, तिथे डॉक्टर हवा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ हा नंबर, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आमच्या शाळेच्या फळ्याशेजारी मी तो मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. मुलं घरी जाऊन सांगतात.

सवय किती दिवसांत लागते? एकवीस दिवस, असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला त्यांत सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, आणि कुणाला तर २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मला तो आकडा फार धीर देणारा वाटला. एकवीस दिवसांनी माझी बोटं अजून वळतच होती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट त्याहून धीराची: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही.

माझे मात्र एक नाही, अकरा दिवस चुकले. २०२४ चा मे. धुळ्याचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर माणूस नाही, रात्री भिंती तापलेल्या. माय ओसरीवर घसरून पडली, मनगटाचं हाड मोडलं. मी गावी गेले, घड्याळ इथेच राहिलं, फोन उशाशी आला. मुलाचा निकालही त्याच दिवसांत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पहाटे चारला अंथरुणात पडून कांद्याचा भाव बघते आहे. तेव्हा तर भावाचा कांदा चाळीत होता, विकायचाही नव्हता.

अमेरिकेत अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना चक्रव्यूहात एक सवय लावली, मग मोडली. मोडली म्हणजे चेतापेशींचा तो नमुना दिसेनासा झाला. पण जुनं बक्षीस परत ठेवलं तसा तो नमुना पुन्हा उमटला. तो पुसला गेलाच नव्हता. हे वाचून कुणाला निराशा येईल. मला नाही आली, कारण मी जुने दांड बघितलेत. पाणी वळवल्यावर जुना दांड कोरडा पडतो, त्यात गवत येतं, पोरं त्यातून उड्या मारत जातात. पण मोठा पाऊस झाला की पाणी आधी त्याच खोलगट जागेतून धावतं. त्यात दांडाचा दोष नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. पाऊस ओसरला की फावडं घेऊन जायचं.

गावाहून परत आले त्या रात्री फोन ओट्यावर ठेवला. सकाळी गच्चीवर गेले. तुळस वाळली होती, तिच्या बुडात दोन तांबे पाणी घातलं. आठ-दहा दिवसांनी खालून पालवी आली.

मायचं मनगट भरून आलं. मी तिला आता चालायचा आग्रह करते. उतारवयातही आठवड्यातून तीन दिवस चालण्याने स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग वर्षभरात दोन टक्क्यांनी वाढल्याचं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तिला टक्क्यांशी काही देणंघेणं नाही. ती मळ्यापर्यंत जाते कारण तिथे भाऊ असतो आणि त्याला भाकरी न्यायची असते. मी स्वतः देवपुरातून पांझरेच्या पुलावरून शाळेत पायी जाते. नदीला वर्षातला बराच काळ पाणी नसतं. तरी पुलाच्या मधोमध मी थोडी थांबते, रोज.

ज्या मुलाला मी बोलले होते, तो आता दहावीत आहे. त्याची मी त्याच आठवड्यात, सगळ्या वर्गासमोर माफी मागितली होती. परवा त्याने गृहपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, मी न सांगता, एक ओळ लिहिलेली दिसली: 'टेन्शन. गणिताचा पेपर.' मी खाली सही केली.

काल रात्री आठला भावाला फोन लावला. नवा कांदा लावून झालाय, पाणी चालू होतं, मागे मोटरीचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ताई, मोटरीजवळच्या लिंबावर होल्यानं घरटं केलंय. अंडी दोन. मी स्टार्टरची पेटी हळू उघडतो आता, नाहीतर ती उडून जाते." मग ती कशी बसते, कधी जाते, अंड्यांचा रंग कसा आहे, हेच तो सांगत राहिला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, भाव विचारायचा राहून गेला.